मागल्या सीटवरची शाळा

गेल्या महिन्यात एका साखरपुड्याच्या पंगतीत शेजारी बसलेल्या तरुणाने मला विचारले, "काका, पासष्टी उलटली तरी तुम्ही मोटारसायकलवरूनच पेढीवर जाता. हा नाद तुम्हाला लावला तरी कोणी?" पंगतीत गलबला होता, वाढपी समोर खोळंबला होता. मी धाकट्या काकांचा आणि आत्याचा उल्लेख केला व विषय आटोपता घेतला. घरी परतल्यावर मात्र जाणवले की आपण त्याला निम्मेच उत्तर दिले. उरलेले निम्मे सांगणे अवघड होते, म्हणूनच ते टाळले गेले. ते या वेळी वाचकांपुढे ठेवतो.

आमची सांगलीत हळदीची अडत. माझे वडील, ज्यांना आम्ही सारी भावंडे अण्णा म्हणत असू, दुकान सांभाळीत आणि धाकटे काका बाहेरची कामे पाहत. हंगामात आष्टा, इस्लामपूर, तासगाव या बाजूंच्या गावांतून फिरायचे, शेतकऱ्यांना उचल द्यायची, शिजवून वाळत घातलेली हळद पाहायची, जुनी बाकी वसूल करायची, हे त्यांचे काम. परतीची एसटी चुकली की मुक्काम पडे, आणि सूर्यास्तानंतर जेवायचे नाही हा नेम असल्याने काका तसेच निजत. आठवड्यातून दोन-दोनदा असे होऊ लागले, तेव्हा आजीने अण्णांपुढे विषय काढला. "पोरगं उपाशी निजतंय. वह्या भरून काय करायच्यात तुला?" अण्णांनी महिनाभर विचार केला आणि १९६८ साली पेढीच्या दारात राजदूत मोटारसायकल उभी राहिली. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो.

आजच्या मुलांना राजदूतचे नाव ऐकूनच ठाऊक असेल. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडमधील एका गाडीच्या धर्तीवर काढलेली ही १७५ सीसीची राकट गाडी खेडोपाडी फिरणाऱ्यांच्या फार उपयोगाची होती. तिच्या इंजिनाला पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून घालावे लागे. त्यामुळे ती सुरू झाली की निळसर धूर निघे आणि त्या धुराचा एक विशिष्ट वास अंगणभर पसरे. पेढीतील हळदीचा वास आणि हा धूर, या दोहोंचे मिश्रण म्हणजे माझ्या लेखी काका.

शाळेला सुट्टी असली की काका मला मागे बसवून नेत. १९२९ साली बांधून पूर्ण झालेल्या आयर्विन पुलावरून गाडी निघाली की खाली कृष्णेचे पात्र दिसे आणि पुलावरचा वारा शर्टात शिरे. मी काकांच्या कमरेला घट्ट धरून बसे. त्यांच्या कमरेचा पैशांचा कसा माझ्या हाताला लागे. तो परतताना जड असे आणि त्याच दिवशी काका अधिक सावकाश येत, हे माझ्या लवकरच ध्यानात आले.

काकांनी मला गाडी कशी चालवावी यावर कधी उपदेश केला नाही. ते जे करीत ते मी मागे बसून पाहत असे. निघण्यापूर्वी ते वाकून दोन्ही चाके अंगठ्याने दाबून पाहत, साखळी हाताने हलवून तिचा ताण पाहत, ब्रेक दाबून पाहत आणि मगच किक मारीत. घाई असली तरी हा क्रम चुकला नाही. गळिताच्या हंगामात संध्याकाळी रस्ते उसाच्या बैलगाड्यांनी भरलेले असत. त्यांना मागे दिवा नसे. एखाद्या गाडीच्या आखाला कंदील टांगलेला असला तरी उसाच्या वाढ्यांनी तो झाकून जाई. अशा वेळी काका गाडीचा वेग इतका कमी करीत की मला कंटाळा येई. एकदा मी म्हणालो, "काका, चला की जोरात." ते म्हणाले, "दिव्यात जेवढं दिसतंय, तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. त्याच्या पलीकडचा रस्ता आपला नव्हे." वाहन चालविण्यासंबंधी याहून मोलाचे वाक्य मी नंतर कोठेही ऐकले नाही.

दुसरी व्यक्ती म्हणजे आत्या. ऐन तारुण्यात वैधव्य येऊन ती माहेरी परतली होती. भावांवर भार नको म्हणून पेढीच्या मागल्या खोलीत तिने हळद, तिखट आणि मसाल्याच्या पुड्या बांधण्याचे काम सुरू केले. माल चांगला होता, मागणीही होती. परंतु विश्रामबाग आणि मिरजेच्या दुकानांपर्यंत तो टांग्याने पोचवायचा तर नफा टांग्यातच जाई. नगरच्या फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली ५० सीसीची लुना बाजारात आणली होती. वजनाला हलकी, गिअर नाही, आणि पेट्रोल संपले तर सायकलीसारखे पायडल मारून घर गाठता येई. १९७५ च्या सुमारास आत्याने ती घ्यायचे ठरवले. काकांनी रविवारी बंद असलेल्या बाजाराच्या मोकळ्या जागेत तिला शिकवले. मी मागे धावत असे.

एका वडीलधाऱ्या नातलगांनी अण्णांना पत्र लिहिले. घरातील विधवा स्त्री फटफटीवर बसून बाजारात हिंडते हे शोभत नाही, असा त्याचा मथितार्थ होता. अण्णा मितभाषी. त्यांनी उत्तरात एवढेच लिहिले की गाडी तिच्या खात्यावर खर्ची पडली आहे, आमच्या नव्हे. पुढे पत्र आले नाही. आत्या सतरा वर्षे लुनावर फिरली. पदर खोचलेला, दोन्ही बाजूंना पिशव्या, आणि चाल अशी की चालणाऱ्यालाही तिचा धाक वाटू नये. तिची घाई कधी दिसली नाही. मी एकदा कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "उशीर झाला तर गिऱ्हाईक रागावेल. मी पडले तर धंदाच बसेल."

१९७६ साली मला अठरा पूर्ण झाली, परवाना निघाला आणि काकांनी राजदूतची किल्ली माझ्या हातावर ठेवली. पुढे १९८२ मध्ये मी म्हैसूरला बनणारी येझदी घेतली. किक मारायची आणि गिअर टाकायची दांडी एकच असलेली ती २५० सीसीची गाडी माझ्या तरुणपणाचा मोठाच आनंद होती. तिच्यावरून मी कोल्हापूर, विजापूर, बेळगाव केले, सौ.ला मागे बसवून नातेवाईकांकडची लग्ने केली. निघण्यापूर्वी चाके अंगठ्याने दाबून पाहण्याची सवय आपसूक अंगी आली होती. येथवरचे उत्तर मी पंगतीत दिले होते.

आता उरलेले.

काका आणि आत्या यांच्या काळी आमच्याकडे हेल्मेट कोणी घालत नसे. काका डोक्याला उपरणे गुंडाळीत. पुढे आमच्या एका जुन्या शेतकरी गिऱ्हाइकाचा मुलगा गाडीवरून घसरून गेला. अंगावर फारशी जखम नव्हती, मार डोक्याला होता. त्या घरून परतल्यावर काकांनी दुसऱ्याच दिवशी हेल्मेट आणले. बाजारात हमाल हसले, दलालांनी नावे ठेवली. काकांनी ते अखेरपर्यंत सोडले नाही. मीही घेतले, पण ते मोठ्या रस्त्यासाठी. कोल्हापूरला जायचे तर हेल्मेट. घरून मार्केट यार्डात जायचे तर उघड्या डोक्याने. अंतर जेमतेम दीड किलोमीटर, सारे रस्ते ओळखीचे, सारी माणसे नमस्कार करणारी. त्यांना चेहरा दिसायला नको काय? चाळीस वर्षे मी असाच गेलो आणि मला काही झाले नाही.

झाले ते नातवाला. अठरा पूर्ण झाल्यावर त्याने रीतसर परवाना काढला आणि मुलाने त्याला मोटारसायकल घेऊन दिली. गतवर्षी पावसाळ्यात सकाळी शिकवणीला जाताना वळणावरच्या वाळूवरून त्याचे चाक घसरले. वेग फार नव्हता. तरी खांद्याजवळचे हाड मोडले, कपाळाला सात टाके पडले आणि दोन रात्री तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली होता. डोक्याच्या आत काही नाही ना, हे कळेपर्यंतचे ते तास आमच्या घरात कोणीही विसरणार नाही. हेल्मेट घरी खुंटीला होते.

तिसऱ्या दिवशी तो नीट बोलू लागल्यावर मी त्याला जरा कडक स्वरात विचारले, "हेल्मेट का घातले नाहीस?" त्याने उद्धटपणा केला नाही. अगदी सहज, खरेच उत्तर द्यावे तसा म्हणाला, "आजोबा, जवळच जायचं होतं. तुम्ही यार्डात जाताना कुठे घालता?"

खोलीत सूनबाई होती. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

लहानपणी हाच मुलगा माझ्यामागे बसून यार्डात येत असे. माझ्या कमरेला धरून तो काय पाहत होता, याचा मी कधी विचार केला नव्हता. मी काकांचे अंगठ्याने चाक दाबणे उचलले. त्याने माझे उघडे डोके उचलले. आपण कोणाकडे पाहून शिकलो हे सांगताना माणसाला अभिमान वाटतो. आपल्याकडे पाहून कोण काय शिकत आहे, हे मात्र अशा खाटेजवळ बसल्यावरच कळावे, याचे मला फार वाईट वाटले.

त्या रात्री मला अण्णांचा एक नियम आठवला. हळदीची पोती यार्डातून गोदामात न्यायची असली, अंतर दोन फर्लांगांचे असले आणि आभाळ निरभ्र असले, तरी ताडपत्री बांधल्याशिवाय गाडी हलवायची नाही. हमाल कुरकुरत. अण्णा म्हणत, "पाऊस अंतर विचारून येत नाही." आम्ही व्यापारी माणसे मालाचा विमा उतरवतो, पोत्याला शिवण दोनदा घालतो, काट्यावर गुंजभर चूक खपवून घेत नाही. आणि त्याच दीड किलोमीटरवर मी माझे डोके उघडे नेत होतो.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो की २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसे गेली. त्यांपैकी सुमारे ५० हजार माणसे हेल्मेट न घातलेली होती आणि त्यांत मागे बसलेल्यांची संख्या १४ हजारांहून अधिक होती. चांगले हेल्मेट आपटण्याचा जोर स्वतःवर घेते; त्याच्या आतील जाड फोमचा थर दबतो म्हणून कवटी वाचते. म्हणूनच एकदा जोराने आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये, आयएसआय शिक्का पाहूनच घ्यावे आणि हनुवटीखालचा पट्टा बांधावा. न बांधलेले हेल्मेट पहिल्याच धक्क्याला निघून जाते. कायदा चालकाइतकाच मागे बसणाऱ्यालाही बंधनकारक आहे. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या घरांतून चौदा-पंधरा वर्षांची मुले स्कूटर घेऊन दुकानात डबा पोचवताना दिसतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

सूनबाईचे म्हणणे होते की मोटारसायकल विकून टाकावी. आईच्या जागी तिचे चुकत नव्हते. मी तिला म्हणालो, "सहा महिने थांब. चूक त्याच्या एकट्याची नाही, तर शिक्षाही त्याला एकट्याला नको." खांदा बरा झाल्यावर डॉक्टरांची परवानगी घेऊन आम्ही असे ठरवले की रोज सकाळी त्याने मला यार्डात सोडायचे. दोघांच्या डोक्याला हेल्मेट, आणि मी मागे. पहिल्या दिवशी चौकातील चहावाला हसला, ओळखीचे दोन अडते हात करून बोलावू लागले. मी काच वर करून त्यांना नमस्कार केला. चेहरा दाखवायला तेवढे पुरते.

वाचकहो, आपल्या घरातही एखादे मूल मागच्या सीटवर बसून पाहत असेल. आपण सांगतो त्यातले त्याच्या लक्षात किती राहील कोण जाणे. आपण करतो ते मात्र राहते.

सहा महिने आता संपत आले आहेत. परवा हरिपूरच्या रस्त्याला उसाची बैलगाडी पुढे होती. मागून मोटारी कर्णे वाजवत होत्या. नातवाने हॉर्न दिला नाही. रस्ता मोकळा दिसेपर्यंत तो गाडीच्या मागे शांतपणे चालत राहिला. मी मागे बसून गप्प होतो. घरी पोचल्यावर सूनबाईने विचारले, "आज उशीर का झाला?" मी म्हणालो, "बैलगाडी होती." तिने नातवाकडे पाहिले आणि ताटे मांडायला घेतली. मोटारसायकल विकण्याचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही.