होम क्वारंटाइन की हाफ डे?

‘ए, त्याला पॉझिटिव्ह आलंय म्हणे!’ ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा एक मेसेज पडला की पुढच्या दहा मिनिटांत काय होतं, ते तुम्हाला नव्यानं सांगायला नको. आधी तीन रडक्या स्मायली. मग ‘गेट वेल सून’चा पाऊस. आणि मग प्रत्येकाचा मनातल्या मनात हिशोब सुरू. सोमवारी टपरीवर त्याच्यासोबत कोण कोण होतं? त्याच्या डब्यातली भेंडी कोणी खाल्ली? खरा प्रश्न मात्र ग्रुपवर कुणीच टाकत नाही. तो एचआरला पर्सनलवर जातो : ‘मॅम, मी उद्या यायचं ना?’

आता बघा, आजारी पडलेल्याचं सोपं असतं. तो आजारी आहे, त्याच्याकडे रिपोर्ट आहे, तो घरी झोपणार. पण जो फक्त त्याच्या शेजारी बसला होता, त्याचं काय? तो ठणठणीत आहे, आणि कदाचित चार दिवसांनी नसेलही. अशा माणसासाठी ऑफिसच्या लीव्ह फॉर्मवर कॉलमच नसतो!

माझी एक मैत्रीण मोहन्यात राहते. शेअर रिक्षानं आंबिवली स्टेशन, तिथून लोकल, थेट लोअर परळ. वडील एनआरसीत होते. २००९ मध्ये कंपनीला टाळं लागलं तेव्हा ही शाळेत होती. तेव्हापासून घरात फिक्स पगार असा आला तो हिचाच. घर म्हणजे एक खोली, एक किचन. वडिलांना डायबेटिस. नोकरी अकाउंट्समध्ये, पण ‘थर्ड पार्टी पेरोल’वर. म्हणजे काम एका कंपनीचं, पगार दुसऱ्या कंपनीकडून आणि ओळखपत्रावर तिसराच लोगो. मुंबईत अर्धी जनता अशीच काम करते हो, त्यात काही नवीन नाही.

जानेवारी २०२२. ओमायक्रॉनची लाट. एका बुधवारी हिच्या शेजारच्या डेस्कवरचा मुलगा पॉझिटिव्ह निघाला. हिनं शहाण्या मुलीसारखं सगळ्यांना विचारलं आणि चार ठिकाणांहून चार उत्तरं आली. कंपनीची एचआर म्हणाली, सात दिवस घरी बस. टीम लीडर म्हणाला, तुला काही होतंय का? नाही ना? मग ये, महिनाअखेर आहे. पेरोलवाल्या एजन्सीनं सांगितलं, आरटीपीसीआर निगेटिव्ह आणा, नाहीतर अटेंडन्स लागणार नाही. आणि खाली राहणारे काका, ज्यांना कुणी विचारलंही नव्हतं, ते म्हणाले, ‘बाळा, चौदा दिवस घराबाहेर पडू नकोस हां. नियम आहे.’

गंमत म्हणजे चौघांपैकी कुणीही पूर्ण थापा मारत नव्हतं! प्रत्येकाच्या हातात कुठल्या ना कुठल्या नियमाचं एक पान होतं, फक्त ते वेगवेगळ्या पुस्तकातलं होतं. काकांचे चौदा दिवस २०२० सालचे. एचआरचे सात दिवस केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या ५ जानेवारी २०२२ च्या सूचनांमधले, पण ते होते पेशंटसाठी : टेस्ट पॉझिटिव्ह आल्यापासून सात दिवस आणि त्यात शेवटचे सलग तीन दिवस ताप नको. शेजारी बसणाऱ्यासाठी नव्हेच. टीम लीडरनं बहुतेक आयसीएमआरची १० जानेवारीची बातमी वाचली असावी. त्यात म्हटलं होतं की पेशंटच्या संपर्कात आलेल्यांनी वय किंवा इतर आजारांमुळे धोका नसेल तर टेस्ट करायची गरज नाही. त्यानं ‘टेस्टची गरज नाही’ वाचलं आणि ‘घरी बसायची गरज नाही’ ऐकलं. आणि एजन्सीला तर टेस्टचा कागदच हवा होता. सरकार म्हणतंय टेस्ट नको, हे म्हणतायत टेस्टशिवाय पगार नको!

ही चौघांची जत्रा काही एका ऑफिसपुरती नव्हती. कल्याण-डोंबिवलीकरांनी तर हा सिनेमा २०२० पासून बघितलाय. आठवतंय, मार्च २०२० मध्ये डाव्या हाताच्या मागे मारला जाणारा तो शिक्का? ‘होम क्वारंटाइन्ड’ आणि खाली तारीख. मतदानाच्या शाईसारखा, पण मिरवायची सोय नाही. निदान तो शिक्का स्पष्ट तरी होता! पुढे मे महिन्यात कल्याण-डोंबिवली महापालिकेनं आदेश काढला की मुंबईत नोकरीला जाणाऱ्यांनी ८ मेपासून राहायची सोयही मुंबईतच करावी, रोज ये-जा नको. कारण शहरातले बरेच पेशंट मुंबईत कामाला जाणारे किंवा त्यांच्या घरातले होते. विचार एका परीनं बरोबर, पण नर्स, वॉर्डबॉय, पोलिस, बँकेतला कारकून यांनी मुंबईत राहायचं कुठे, हे त्यात कुणी सांगितलं नव्हतं. ओरड झाली आणि अंमलबजावणी टळली.

मग ८ जून आला. ‘मिशन बिगिन अगेन’मध्ये प्रायव्हेट ऑफिसांना दहा टक्के स्टाफ बोलवायची परवानगी मिळाली. बॉसचा मेल आला, ‘वेलकम बॅक!’ लोकल १५ जूनला सुरू झाली, पण फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. म्हणजे ऑफिस उघडं, ट्रेन बंद. एसटीच्या आणि खासगी बसच्या रांगेत दोन-दोन तास उभं राहायचं, सोशल डिस्टन्सिंगचं जे व्हायचं ते होऊ दे. त्यातच २ जुलैपासून कल्याण-डोंबिवलीत पुन्हा कडक लॉकडाऊन. आधी बारा तारखेपर्यंत, मग एकोणीस. मुंबईतलं ऑफिस म्हणतंय या, आपली महापालिका म्हणतेय जाऊ नका. खाडी ओलांडली की नियम बदलतो, आणि लीव्ह मात्र आपलीच कापली जाते.

जरा भाषेचीही कमाल बघा. इंग्रजीत दोन शब्द आहेत. आजारी माणसाला वेगळं ठेवणं म्हणजे आयसोलेशन. आजारी नसलेल्या, पण संपर्कात आलेल्याला वेगळं ठेवणं म्हणजे क्वारंटाइन. मराठीत यासाठी विलगीकरण आणि अलगीकरण अशी जोडी आली. आता ही दोन जुळी भावंडं घाईत कोण ओळखणार? कधी दोन्हीला विलगीकरण, कधी दोन्हीला अलगीकरण. पेशंटचा नियम शेजाऱ्याला लागला तो इथूनच. (बाय द वे, क्वारंटाइन हा शब्द इटालियन चाळीसवरून आलाय. प्लेगच्या काळात बंदरात आलेल्या जहाजाला चाळीस दिवस बाहेर थांबावं लागायचं. तेव्हा आपले चौदा म्हणजे डिस्काउंटच म्हणायचा.)

ऑफिससाठी खरं तर एक बऱ्यापैकी नीट उत्तर होतं. मे २०२० मध्येच केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं ऑफिसांसाठी सूचना काढल्या होत्या. त्यात संपर्काचे दोन भाग केले होते. पेशंटच्या एक मीटरच्या आत मास्क-बिस्क न लावता वावरलेला, त्याच्या घरात राहणारा, त्याला हात लागलेला, तो हाय रिस्क. त्यानं चौदा दिवस क्वारंटाइन. नुसता एकाच खोलीत काम करणारा, पण लांब बसणारा, तो लो रिस्क. त्यानं कामावर यायचं आणि चौदा दिवस तब्येतीवर लक्ष ठेवायचं. एक-दोन केस सापडल्या म्हणून अख्खी बिल्डिंग बंद करायचीही गरज नव्हती. पेशंट गेल्या ४८ तासांत जिथे वावरला तेवढी जागा साफ करा, झालं. किती ऑफिसांनी हे वाचलं? मला भेटलेल्यांत तर कुणीच नाही. बहुतेकांनी एक तर सगळ्यांना घरी पाठवलं किंवा कुणालाच नाही.

आणि दिवस मोजायचे कधीपासून? इथे तर हमखास घोळ. रिपोर्ट गुरुवारी आला म्हणून गुरुवारपासून मोजणारे खूप. पण तुम्ही त्या माणसाला शेवटचं सोमवारी भेटला असाल, तर तुमचा हिशोब सोमवारचा. उलट पेशंट घरातच असेल आणि घर एका खोलीचं असेल, तर शेवटची भेट रोजच होते. तुमचे दिवस संपतच नाहीत! मोठ्या फ्लॅटमधल्या बॉसला ही अडचण समजायला जरा वेळ लागतो.

आता मुद्द्याचं बोलू. पैसा. घरी बसायचं ते कुणाच्या खर्चानं? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ कॅज्युअल लीव्ह आहेत आणि त्याही तिमाहीनं जमा होतात. म्हणजे जानेवारीत तुमच्या खात्यात फक्त दोन. अर्न्ड लीव्ह वीस दिवस कामाला एक, पण त्याआधी वर्षात २४० दिवस भरलेले हवेत. सिक लीव्ह नावाची वेगळी गोष्ट या कायद्यात नाहीच. ती कंपनीच्या मनावर. आता दोन लीव्ह आणि चौदा दिवस, करा वजाबाकी. ईएसआय कार्ड असेल तर आजारपणात पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. पण त्यासाठी आजारी असल्याचं सर्टिफिकेट लागतं. ठणठणीत माणसानं कुठलं सर्टिफिकेट आणायचं?

सरकारी नोकरांचा प्रश्न मात्र सुटला, हां. जून २०२१ मध्ये केंद्रानं आपल्या कर्मचाऱ्यांसाठी लिहूनच दिलं की पेशंटच्या थेट संपर्कात आल्यामुळे घरी थांबावं लागलं, तर सात दिवस ड्युटीवर किंवा वर्क फ्रॉम होम धरले जातील. एका ओळीत काम खलास. ही ओळ प्रायव्हेटवाल्यांनी उचलली असती तर कोणता डोंगर कोसळणार होता? पगार जाणार असेल तर माणूस खोकला गिळून ऑफिसला येतो. त्याला बेजबाबदार म्हणणं सोपं असतं, विशेषतः ज्यांचा पगार चालू असतो त्यांना.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. २०२१ च्या जुलैमध्ये ब्रिटनमध्ये लोकांच्या मोबाइलवर सरकारी अॅपची घंटी वाजायची : तुम्ही पेशंटच्या जवळ होतात, घरी बसा. इंग्लंड आणि वेल्समध्ये एका आठवड्यात सहा लाखांहून जास्त घंट्या! लोकांनी त्याला ‘पिंगडेमिक’ असं नावच पाडलं. सुपरमार्केटची शेल्फं रिकामी पडली, कारण माल लावणारे घरी. आणि तिथला घोळही आपल्यासारखाच. अॅपची घंटी म्हणजे नुसता सल्ला, पण ट्रेसिंगवाल्यांचा फोन आला तर तो कायदा. फरक एवढाच की घरी बसणाऱ्याला तिथे आठवड्याला ९६ पौंडांच्या आसपास सिक पे मिळू शकत होता. फार नव्हे, पण शून्यही नव्हे.

आज हे सगळं उकरून काढायचं कारण? महाराष्ट्रातले निर्बंध २०२२ च्या गुढीपाडव्याला उठले. मे २०२५ मध्ये मुंबई-ठाण्यात केसेस पुन्हा थोड्या वाढल्या, तेव्हा ऑफिसातला गोंधळ जसाच्या तसा होता, फक्त शिक्का नव्हता. आणि कोविड सोडा हो. २०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली तेव्हा गॉगल लावून मीटिंगला बसलेले महाभाग आपण पाहिलेत. कांजिण्यांचं तर कुणाला माहीतच नसतं : पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत माणूस आजार पसरवतो, आणि संपर्कात आलेल्याला लागण दिसायला दहा ते एकवीस दिवस लागू शकतात. ज्याला आधी होऊन गेल्यात त्यानं सहसा घाबरायचं कारण नाही. पण टीममध्ये कुणी प्रेग्नंट असेल तर तिला त्याच दिवशी कळायला हवं, म्हणजे ती डॉक्टरांना विचारेल. टीबीचं उलटं आहे. साध्या, औषधांना दाद देणाऱ्या टीबीत नीट उपचार सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका खूप कमी होतो. पण ऑफिसात नाव नुसतं निघालं तरी माणसाचा चहाचा कप वर्षभर वेगळा. मग लोक लपवतात. त्यांचं काय चुकलं?

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर तो मेसेज पडला की फोनवर विचारू नका, मेलवर विचारा. शेवटचा संपर्क कधी, कसा, किती वेळ, हे लिहा आणि विचारा : मी घरी थांबायचं असेल तर किती दिवस, आणि ते कुठल्या खात्यात धरणार? एचआरला राग येईल. येऊ दे. उत्तर लेखी आलं की टीम लीडर, एजन्सी आणि खालचे काका, सगळ्यांना तेच फॉरवर्ड करता येतं.

माझ्या मैत्रिणीनं हेच केलं, पण थोडं उशिरा. ती तेव्हा पाच दिवस घरी थांबली. किचनमध्ये ओट्याखाली गादी टाकून झोपली, वडिलांचा चहासुद्धा दारातून सरकवायची. टेस्ट निगेटिव्ह आली, वडीलही ठीक राहिले. महिनाअखेरीस स्लिप आली : एलडब्ल्यूपी, पाच दिवस. तिनं एचआरचा ‘सात दिवस घरी बस’ हा मेसेज जोडून मेल टाकला. एचआरनं तो एजन्सीकडे पाठवला, एजन्सीनं टीम लीडरकडे. दोन महिन्यांनी उत्तर आलं. तीन दिवस पुढच्या तिमाहीच्या कॅज्युअलमधून वळते केलेत. उरलेले दोन ‘अंडर प्रोसेस’ आहेत.

ती नोकरी सोडूनही तिला आता दोन वर्षं झाली. ते दोन दिवस अजून अंडर प्रोसेसच आहेत.