मुक्या जिवाचे बिल एकट्याने का भरायचे?



उधन्याचा मुख्य रस्ता असो की लिंबायत-डिंडोलीची गल्ली, गाडीखाली आलेला कुत्रा कडेला विव्हळत पडलेला आपण सर्वांनीच पाहिला आहे. दहा माणसे थांबतात, चुकचुकतात आणि निघून जातात. अकरावे कोणी थांबते, बहुधा एखादी नोकरी करणारी मुलगी किंवा पेन्शनीतले काका, आणि त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेते. तिथून पुढे रिक्षाभाडे, एक्स-रे, सलाइन, पट्ट्या, सगळे त्या एकाच्या माथी. दुसऱ्या दिवशी सोसायटीत सगळे विचारतात, "वाचला का?" "खर्च किती आला?" असे कोणी विचारत नाही. आमची तक्रार नेमकी इथेच आहे.

ज्या शहरात आपण पिढ्यान्‌पिढ्या राहतो, त्याची ही परंपरा नव्हे. इंग्रज पाद्री जॉन ओव्हिंग्टन १६८९ साली सुरतेत आला होता. शहराजवळ गाई, घोडे, बकऱ्या आणि कुत्र्यांसाठी चालणाऱ्या इस्पितळाची नोंद त्याने आपल्या प्रवासवर्णनात केली आहे. हे पुण्य इथल्या गुजराती महाजनांचे. पांजरापोळ चालवायची त्यांनी आणि जखमी जनावर दारात सोडून यायचे आपण, एवढाच आपला वाटा असावा काय? दत्ताच्या तसबिरीत चार कुत्रे आपल्या घरोघर आहेत. टेंबे स्वामींच्या समाधीला आपण भक्तिभावाने गरुडेश्वरला जातो. गल्लीतला पाचवा कुत्रा मात्र कोणाचाच नसतो!

१९२६ साली अहमदाबादेत अंबालाल साराभाईंनी गिरणीच्या आवारातील साठ कुत्री मारविली. गांधीजींनी त्यांची बाजू घेतली आणि गुजरातभर वाद पेटला. त्या मारण्याचे समर्थन आम्हांस आजही पटत नाही. परंतु त्याच वादात गांधीजींनी मांडलेला दुसरा मुद्दा बिनतोड आहे. भटक्या कुत्र्यापुढे तुकडा टाकणे ही दया नव्हे. ज्याला खरी कणव आहे त्याने आपल्या उत्पन्नातला भाग काढून ठेवावा आणि कुत्री सांभाळणाऱ्या संस्थेला द्यावा.

आता व्यवहाराचे. आधी १९६२ हा नंबर लावा. बेवारस जनावरांसाठी गुजरात सरकारची मोफत 'करुणा' अ‍ॅम्ब्युलन्स २०१७ पासून आहे. ती आपल्याच कराच्या पैशावर चालते. १०८ आपल्याला पाठ आहे, १९६२ किती जणांच्या मोबाइलमध्ये आहे?

ती येईपर्यंत कुत्र्याच्या तोंडाशी हात नेऊ नये. एरवी गरीब असलेला कुत्राही वेदनेने चावतो. जाड चादर टाकून फळीवर घ्यावा. घरातली पॅरासिटामॉल, आयब्रुफेनसारखी गोळी देऊ नये, ती त्याला विषासमान आहे. चावलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सिव्हिल किंवा स्मीमेर गाठून इंजेक्शन सुरू करावे. यात कंजुषी नको.

खासगी दवाखान्यात जावे लागले, तर उपचारापूर्वीच डॉक्टरांना सांगावे की आमच्याकडे इतकेच पैसे आहेत. यात लाज कसली? आकडा कळला की आधी काय करायचे ते डॉक्टरांना ठरवता येते: वेदना थांबवणे, रक्त थांबवणे, जखम साफ करणे. चुरा झालेल्या पायात रॉड घालण्यापेक्षा पाय काढणे बरेचदा स्वस्त पडते, आणि कुत्रा तीन पायांवर छान जगतो. कणाच मोडला असेल तर प्रश्न पैशाचा उरत नाही. डॉक्टरांच्या हातून शांत मरण देण्याला कायद्याची मुभा आहे. आपल्या जैन शेजाऱ्यांना ते मान्य होणार नाही, त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. पण १९२८ साली साबरमती आश्रमात तडफडणाऱ्या वासराबाबत गांधीजींनी हाच निर्णय घेतला होता. जी मुलगी असा निर्णय रडत घेते, तिला कोणी खुनी म्हणू नये.

खरी अडचण ऑपरेशननंतर येते. पंधरा दिवस त्याला ठेवायचे कुठे? फ्लॅटमध्ये जागा नाही, रस्त्यावर सोडला तर टाके उसवतात. २०२३ च्या नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस हे महानगरपालिकेचे कामच आहे. त्याच्या जोडीला प्रत्येक झोनमध्ये जखमी जनावरांसाठी चार-सहा पिंजऱ्यांची जागा द्या, अशी मागणी आपण का करू नये? प्रत्येक वॉर्डात चार कॉर्पोरेटर असतात. आपल्या वस्त्यांतून मते मागायला मराठीत बोलत येतात, त्यांना हा प्रश्नही मराठीतच विचारावा.

आणि तोवर आपले मंडळ आहेच. शंभर घरांनी महिना दहा रुपये काढले, तर वर्षाला बारा हजार होतात. गणपतीत डीजेवर एका रात्रीत किती जातात, ते खजिनदारांना विचारा. येत्या सभेत आम्ही ठराव मांडणार आहोत: जखमी जनावर उचलणाऱ्याचे निम्मे बिल मंडळाने द्यावे, एका जनावरामागे कमाल दीड हजार. पावती मात्र आणावी लागेल, तोंडी हिशेब चालणार नाही.