प्लाझा आणि चौक

या खेपेला एका शब्दाच्या मागे लागलो आहे. शब्द आहे ‘प्लाझा’. तुमच्या गावातही तो दोन-चार ठिकाणी रंगवलेला असणारच. खाली मोबाइलची दुकानं आणि वर कोचिंग क्लास अशी इमारत असली की ती कोणाच्या तरी नावाची प्लाझा. मुंबई-आग्रा रस्त्याने निघालात की टोल प्लाझा. मुंबईला नातेवाइकांकडे गेलात की दादरचं प्लाझा. कपड्यांच्या दुकानात वहिनी ‘प्लाझो दाखवा’ म्हणतात ते मात्र यात धरू नका. तो मुळात ‘पलाझ्झो’, इटालियन शब्द, अर्थ महाल. आमच्या धंद्यात एकच नाव दोन गोष्टींना दिलं तर प्रोग्रॅम अडून बसतो. भाषा अडत नाही, एकाच नावाने दहा गोष्टी खुशाल चालवते.

प्लाझा स्पॅनिश आहे, आणि तिकडे तो अगदी रोजच्या वापरातला शब्द आहे. गावाच्या मधली मोकळी जागा, तिला येऊन मिळणारे रस्ते, कडेला दुकानं, बसायला बाक. बैलझुंजीच्या आखाड्यालाही ते ‘बैलांचा प्लाझा’ म्हणतात. गंमत अशी की स्पॅनिश माणूस ‘प्लाझा’ असा उच्चार करतच नाही. माद्रिदकडे ‘प्लाथा’ म्हणतात आणि मेक्सिको-अर्जेंटिनात ‘प्लासा’. मधला ‘झ’ इंग्रजीतून आला आणि आपण तो तसाच उचलला.

शब्दाचं मूळ शोधत गेलं की लॅटिनमधून ग्रीकमध्ये पोचतो. तिथे त्याचा अर्थ ‘रुंद’, म्हणजे रुंद रस्ता. इंग्रजीतला ‘प्लेस’, इटालियन ‘पियाझ्झा’, गोव्यात पोर्तुगीजांनी आणलेला ‘प्रासा’ ही सगळी याच घरची भावंडं. आणि या ग्रीक शब्दाचा आपल्याकडचा सख्खा चुलतभाऊ म्हणजे संस्कृत ‘पृथु’. पृथु म्हणजे रुंद, विस्तीर्ण. त्यावरूनच ‘पृथ्वी’. म्हणजे टोल प्लाझा आणि पृथ्वी एकाच कुळातले! बऱ्हाणपूरकरांसाठी आणखी एक. स्पेनमध्ये केळ्याला ‘प्लातानो’ म्हणतात. तो शब्द आधी एका रुंद पानांच्या झाडाचा होता आणि त्याचंही ग्रीक मूळ हेच. आपल्या तालुक्यात कुठेही उभं राहून केळीचं पान बघा, कोणाला हे पटवून द्यावं लागणार नाही.

आता इंजिनिअर माणसाला आवडेल असा भाग. 1573 साली स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने अमेरिका खंडात नवी गावं कशी वसवायची याचे नियम काढले. (त्यांना ‘इंडीज’चे नियम म्हणतात. ते इंडीज कोलंबसाच्या चुकीतले, आपले नव्हेत.) गावाची आखणी प्लाझापासून सुरू करायची. गाव समुद्राकाठी असेल तर प्लाझा धक्क्याजवळ, आतल्या भागात असेल तर मधोमध. लांबी रुंदीच्या निदान दीडपट हवी, कारण सणासुदीला घोडे पळवायचे तर तो आकार सोयीचा. रुंदी 200 फुटांपेक्षा आणि लांबी 300 फुटांपेक्षा कमी नको, आणि चांगलं माप म्हणजे 400 बाय 600. त्यांचा फूट आपल्यापेक्षा थोडा लहान, पण तरी केवढी जागा झाली बघा. भोवतीने कमानींच्या ओसऱ्या ठेवायच्या, म्हणजे व्यापाऱ्यांना सावली. आणि मला सगळ्यांत आवडलेलं कलम असं की प्लाझाचं माप आजच्या वस्तीवरून ठरवू नका, वस्ती वाढणार हे धरून ठरवा. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या कागदात हे लिहिलेलं आहे. त्या राजवटीने तिथल्या मूळ लोकांचं काय केलं हा वेगळा आणि वाईट इतिहास आहे, पण मोकळ्या जागेचा हिशोब मात्र पक्का होता.

मेक्सिको शहरात ‘प्लासा गारिबाल्दी’ आहे. तिथे मारियाची गाणाऱ्यांचे ताफे सजून-धजून, वाद्यं घेऊन, गिऱ्हाइकाची वाट बघत उभे असतात. आपल्याकडे लग्नसराईत बँडवाले उभे असतात तसे. गाणं ठरवायचं, पैसे द्यायचे, उभ्या उभ्या ऐकायचं. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो शेजारी उभा राहून फुकट ऐकतो. त्याला कोणी हाकलत नाही, तो प्लाझाच आहे.

इंग्रजीत गेल्यावर शब्दाने मोठे कपडे घातले. न्यूयॉर्कचं प्लाझा हॉटेल 1907 साली उघडलं. सप्टेंबर 1985 मध्ये पाच देशांच्या अर्थमंत्र्यांनी डॉलर खाली आणण्याचा करार तिथेच केला, म्हणून तो ‘प्लाझा करार’. 1971 साली आलेल्या ‘प्लाझा स्वीट’ या चित्रपटाचं कथानकही याच हॉटेलातलं. चित्रपटगृहांना तर अशी परदेशी, भारदस्त नावं द्यायची जगभर रीतच होती. आपलं दादरचं प्लाझा त्यातलंच. व्ही. शांताराम यांच्या घराण्याकडचं हे थिएटर मराठी चित्रपटाचं हक्काचं घर. 12 मार्च 1993 च्या स्फोटमालिकेत त्याच्या आवारातही बॉम्ब फुटला. थिएटर पुन्हा उभं राहिलं. दादरला उतरून ‘प्लाझाला भेटू’ म्हणणाऱ्या माणसाच्या मनात सिनेमा असेलच असं नाही. तो नाका आहे, भेटायची खूण आहे. मला वाटतं आपल्याकडच्या सगळ्या प्लाझांत हा एकच शब्दाच्या मूळ अर्थाला जागला.

टोल प्लाझाही अर्ध्या अर्थाने खरा आहे, तिथे रस्ता खरोखर रुंद होतो. पण ती जागा कोणी क्षणभरही थांबू नये यासाठी बनवलेली. फेब्रुवारी 2021 पासून सगळ्या रांगा फास्टॅगच्या झाल्या, तेव्हापासून तर खिडकीतल्या माणसाचं तोंडही दिसत नाही.

मग आपल्याकडे या अर्थाचा शब्द नव्हता का? होता की, आणि आहे. चौक.

चौक मूळ ‘चतुष्क’वरून आला, चारांचा. वाड्याच्या आतलं अंगण चौक. म्हणून श्रीमंतीचं माप ‘दोन चौकी वाडा’, ‘तीन चौकी वाडा’ असं सांगत. रस्ते मिळतात तो चौक. इकडे निमाडात लग्नाला किंवा पूजेला पिठाची रांगोळी काढतात, तोही चौकच. त्याला हिंदीत ‘चौक पूरना’ म्हणतात. रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात एका गावाचं नावच चौक आहे. पोवाड्याचे नि लावणीचे चौक असतात, आणि ‘चौकाची लावणी’ हा लावणीचा जुना, सावकाश रंगत जाणारा प्रकार आहे. 2023 साली ‘चौक’ नावाचा मराठी चित्रपटही आला. स्पॅनिश प्लाझा जे जे करतो ते ते आपल्या चौकाने करून झालं आहे. शिवाय त्याला लावणी येते.

आणि हिंदुस्थानातल्या सगळ्यांत प्रसिद्ध चौकाचा धागा आपल्या गावातून जातो. 17 जून 1631 रोजी मुमताज महल बऱ्हाणपुरात बाळंतपणात गेली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला आधी पुरलं, मग सहा महिन्यांनी आग्र्याला नेलं. बाप शोकात बुडालेला असताना सतरा वर्षांच्या थोरल्या मुलीवर, जहांआरावर, घराचा भार आला. पुढे 1650 च्या सुमारास याच जहांआराने दिल्लीच्या नव्या शहरात बाजार वसवला. त्यात मधोमध हौद असलेला एक चौक होता. हौदात चांदणं पडायचं, म्हणून तो चांदनी चौक. पुढे इंग्रजांच्या काळात हौदाच्या जागी घंटाघर आलं. 1951 साली तेही पडलं. खरा चौक कधीच गेला, नाव मात्र सगळ्या रस्त्याला चिकटलं. 1954 साली बी. आर. चोप्रांचा ‘चांदनी चौक’ आला आणि 2009 साली अक्षय कुमार तिथून थेट चीनला गेला. बऱ्हाणपूर दाखवायला आलेल्या पाहुण्यांना आपण शाही किल्ल्यातलं हमाम दाखवतो, कुंडी भंडारा दाखवतो. या मुलीची गोष्टही सांगत जा.

चौकाची किंमत काय असते हे मला अर्जेंटिनाच्या एका गोष्टीतून कळलं. 1976 मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली. माणसं घरातून उचलली जात आणि परत येत नसत. 30 एप्रिल 1977 रोजी बेपत्ता मुलांच्या चौदा आया राजधानीतल्या ‘प्लासा दे मायो’ या चौकात जमल्या, राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीसमोर. जमावबंदी होती. पोलिसांनी दरडावलं, घोळक्याने उभं राहायचं नाही, चालत राहा. मग त्या दोघी-दोघी हातात हात घालून चौकातल्या स्तंभाभोवती चालू लागल्या. पुढे दर गुरुवारी, डोक्याला पांढरे रुमाल बांधून. त्यांच्यातल्याही काही जणी नंतर बेपत्ता झाल्या, तरी चालणं थांबलं नाही. राजवट 1983 साली गेली. आता विचार करा, गावात तेवढी जागाच नसती, सगळीकडे दुकानं आणि पार्किंग असतं, तर या बायका चालल्या कुठे असत्या?

बऱ्हाणपूर जुनं गाव, त्यामुळे आपण नशीबवान आहोत. शनवारा, इतवारा ही नावं ऐकली की पुण्याच्या पेठा आठवतात. जामा मशिदीसमोर, जिच्या आत अरबीसोबत संस्कृत शिलालेखही आहे, गांधी चौक आहे. संध्याकाळी माव्याची जिलबी घेऊन अजूनही कुठेतरी टेकता येतं. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती सगळं एकाच चौकात ऐकू येतं. माझी स्वतःची अर्धी भाषा शाळेत नाही, अशा चौकांतच तयार झाली आहे. पण गाड्या वाढल्या. आजोबांच्या वयाची मंडळी जिथे बसायची तिथे आता मोटारसायकली आडव्या-तिडव्या उभ्या असतात.

नव्या वसाहतींत तर चौक नकाशातच नसतो. आम्ही राहतो त्या वसाहतीच्या रंगीत माहितीपत्रकात ‘सेंट्रल प्लाझा’ होता. कारंजं होतं, बाकावर हसणारे आजी-आजोबा होते. प्रत्यक्षात आठ गाड्या मावतील असं फरशीचं पार्किंग आहे आणि बाजूला एक बंद गाळा. माझं ऑफिसचं काम घरूनच चालतं, त्यामुळे खिडकीतून दिवसभराचा हिशोब दिसतो. पोरं गाड्यांच्या मधून क्रिकेट खेळतात आणि आरशाला चेंडू लागला की ओरडा खातात. शेजारच्या काकू संध्याकाळी खाली येतात, दोन मिनिटं उभ्या राहतात आणि बसायला काहीच नाही म्हणून परत वर जातात. त्या घरात दिवसभर एकट्या असतात. माझ्या आईशी त्यांचं बोलणं होतं ते जिन्यात, एक पायरीवर आणि एक दारात.

रहिवाशांची बैठक येत्या रविवारी आहे. त्यासाठी मी कागद तयार केला आहे. चार गाड्या मागच्या भिंतीकडे हलवायच्या, त्यांना जागा आहे, मोजून पाहिली आहे. मोकळ्या झालेल्या भागात सिमेंटचे तीन बाक आणि एक कडुलिंब. दहा दिवस गणपती तिथेच. खर्च घरटी वाटला तर एका कुटुंबाच्या एका वेळच्या हॉटेलच्या बिलापेक्षा कमी येतो. गाडीवाले विरोध करतील, त्यातले दोघं माझे मित्रच आहेत. ‘सेंट्रल प्लाझा’ची पाटी मात्र मी उतरवायला सांगणार आहे. तिच्या जागी नुसतं ‘चौक’ लिहायचं. आमच्या वसाहतीत अर्धी घरं मराठी आणि अर्धी हिंदी, त्यामुळे सूचना कोणत्या भाषेत लावायची यावर दर वेळी तासभर जातो. या पाटीवर तो वाद होणार नाही, दोन्हीकडे अक्षरं तीच आहेत.