चिठ्ठ्यांच्या डब्यातले प्रश्न

जिल्ह्यातील विहारांत युवक शिबिर असले की आम्ही एक रिकामा डबा ठेवतो. नाव न घालता प्रश्न लिहून त्यात टाकायचा. नोकरी, परीक्षा, जातपडताळणी अशा चिठ्ठ्यांत एखादी निराळीही निघते. “लघवीच्या जागी फोड आला होता. दुखला नाही, आपोआप गेला. आता लग्न ठरले आहे. काही करावे लागेल काय?”

विहारात हा विषय नको, असे काही वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यांना आम्ही १९३४ साल सांगतो. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील होत नाही, ही बाजू त्यांनी कोर्टात मांडली. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला, हा भाग वेगळा. तिसरे शील आपण दर रविवारी म्हणतो. पण त्याचा अर्थ सोळा-सतरा वर्षांच्या पोराला कोण समजावून सांगतो? मग तो मोबाईलकडून शिकतो.

आता त्या चिठ्ठीचे उत्तर. न दुखणारा फोड गरमीचा, म्हणजे उपदंशाचा असू शकतो. फोड जातो, रोग अंगात राहतो. पुढे मेंदू-हृदयापर्यंत पोचतो, गरोदरपणी बाळालाही होतो. साधी रक्ततपासणी आणि पेनिसिलीनचे इंजेक्शन, एवढ्याने तो बरा होतो. तेव्हा लग्नाआधी तपासणी करावीच. परम्याचे वेगळे. पुरुषाला जळजळ होते, पू येतो. बाईला पुष्कळदा काहीच जाणवत नाही. आतल्या नळ्या मात्र खराब होतात, मूल राहत नाही, आणि वांझ म्हणून बोल लागतो तो तिलाच! रोग आणणारा नामानिराळा. म्हणून औषध दोघांनीही एकाच वेळी घ्यावे. एकट्याने घेतले तर रोग फिरून येतो. मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या किंवा बसस्टँडजवळच्या तंबूतले चूर्ण, हे उपचार नव्हेत.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालये व जिल्हा रुग्णालये येथे यासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असते. निरोध, तपासणी, औषध तिथे मोफत मिळते. एचआयव्हीचा अहवाल गुप्त ठेवणे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. १०९७ या क्रमांकावर फुकट फोन करून विचारता येते. निरोध प्रत्येक वेळी वापरावा लागतो. एखाद्या वेळी चालते, हा समज खोटा. मुलींना नऊ ते चौदा या वयात एचपीव्हीची लस दिली तर गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरपासून मोठे संरक्षण मिळते. लग्नात बँडवर खर्च करणाऱ्यांनी ही लस महाग म्हणू नये.

एक गोष्ट मात्र खटकते. डब्यात मुलींच्या चिठ्ठ्या जवळजवळ निघतच नाहीत. डबा पुरुषांच्या ताब्यात आहे, हे त्याचे कारण असावे. येत्या वर्षावासापासून मुलींचा डबा वेगळा, महिला मंडळाच्या ताब्यात ठेवावा आणि उत्तरे नर्सताईंनी द्यावीत, असे आम्ही सुचविले आहे. ज्या विहारांना हे मान्य असेल त्यांनी कळवावे.