जुन्या संगणकाचा पॉवर सप्लाय

दुबलगुंडी, हुमनाबाद, बसवकल्याण भागातल्या एखाद्या घराच्या माळ्यावर जुना पीसी पडून असेल, तर कृपा करून तो थेट प्लगला लावू नका. बरीच वर्षे बंद राहिलेल्या यंत्रात आधी दगा देतो तो बहुधा पॉवर सप्लाय. १९८४ पासून केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. त्यांच्या सप्लायमधल्या कागदी कपॅसिटरच्या पिवळट पारदर्शक आवरणाला बारीक तडे जातात, आत दमट हवा शिरते आणि एके दिवशी खोलीभर धूर होतो. तिथे अख्खा सप्लाय बदलायचे कारण नाही. जाणत्या माणसाकडून एक्स-२ वर्गाचे नवे कपॅसिटर बसवले की भागते. पीसीचे तसे नाही. आजचा एटीएक्स सप्लाय अडाप्टर लावून चालतो, पण त्यात उणे ५ व्होल्टची लाइन बहुधा नसते, आणि १९८१ च्या आयबीएम पीसीमधल्या ४११६ मेमरी चिपना ती हवीच. शिवाय नवे सप्लाय जोर १२ व्होल्टवर देतात, जुन्या बोर्डाचा भार ५ व्होल्टवर असतो. १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीचा सप्लाय अवघा १३० वॅटचा, तरी ५ व्होल्टवर १५ अँपिअर देणारा. म्हणून वॅटच्या मोठ्या आकड्याला भुलू नका, लेबलावर ५ व्होल्टपुढचे अँपिअर वाचा. एटी बोर्डाला जोडताना सप्लायच्या पी-८ आणि पी-९ या दोन कनेक्टरच्या काळ्या तारा मधोमध शेजारीशेजारी आल्याच पाहिजेत; उलट झाले तर बोर्ड जळू शकतो. मागचा लाल स्विच २३० वर आहे ना, तेही बघा. आणि जुना सप्लाय भंगारात देऊ नका, त्याचा डबा आणि कनेक्टर पुढच्या दुरुस्तीला लागतील.