कुत्रा शिकवायला परवाना लागत नाही. चावला तर गुन्हा मात्र मालकावर

पुणे : सकाळी साडेसहाला नारायण पेठेतून भिडे पुलाकडं उतरलं की नदीकाठच्या रस्त्यावर पट्ट्याला धरलेली कुत्री दिसतात. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, एखादा हस्की. पट्टा धरणारा बऱ्याचदा मालक नसतो, पगारी पोरगा असतो. तोच पुढं ‘ट्रेनर’ होतो. कुणाकडं शिकला, किती दिवस शिकला, हे त्याला कुणी विचारत नाही. विचारायची सक्ती कुठल्या कायद्यातही नाही.

शहरातली ही गोष्ट आता तालुक्यांतही आली आहे. शिरूर, जुन्नर, आंबेगावात बिबट्याच्या भीतीनं, तर दौंड-इंदापूरकडं मोटारीची केबल चोरीला जाते म्हणून लोक वस्तीवर दांडगा कुत्रा आणतात. (बिबट्याचं आवडतं भक्ष्यच कुत्रं आहे, हे विकणारा सांगत नाही.) सहा महिन्यांत तो आवरेनासा होतो. मग मोबाईलवर जाहिरात दिसते : एक महिना आमच्याकडं सोडा, शिकवून परत देतो. पैसे आधी.

या धंद्याच्या आजूबाजूला सगळीकडं नियम आहेत, मधेच भोक आहे. कुत्र्याला सुई टोचणारा डॉक्टर 1984 च्या पशुवैद्यक परिषद कायद्याखाली नोंदणीकृत लागतो. पैदास करून विकणाऱ्याला 2017 च्या नियमांनी राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी सक्तीची केली. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. शिकवणाऱ्यासाठी मात्र नोंदणी नाही, परीक्षा नाही, तक्रार ऐकणारी परिषद नाही. त्यानं कुत्र्याला बडवलं तर 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा लागतो खरा, पण पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. चहा-वडापावला यापेक्षा जास्त जातात.

आणि तो कुत्रा घरी येऊन शेजाऱ्याला फाडला तर? भारतीय न्याय संहितेचं कलम 291 ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याचा निष्काळजीपणा बघतं. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मार खाऊन बिथरलेला कुत्रा परत देणारा ट्रेनर तोवर नाव बदलून दुसरीकडं बोर्ड लावतो.

पुण्याला कुत्रा शिकवण्याची विद्या नवी नाही. पेठेतून नदी ओलांडली की शिवाजीनगर, आणि तिथंच गुन्हे अन्वेषण विभागाचं श्वान प्रशिक्षण केंद्र. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर तीन हजार किलोहून जास्त आरडीएक्स हुंगून काढणारा ‘जंजीर’ याच केंद्रात तयार झाला होता. तिथं कुत्रा आणि त्याचा हस्तक, म्हणजे सांभाळणारा शिपाई, दोघं एकत्र शिकतात. नेमका हाच भाग खासगी धंद्यात गळाला. कुत्रा एकटाच शिकायला जातो, मालक घरी. मग तो ट्रेनरपुढं बसतो आणि मालकाला जुमानत नाही. धनगराचं कुत्रं कुठल्या शाळेत जात नाही. पिल्लू असल्यापासून मेंढरांत आणि माणसांत वाढतं, म्हणून शिकतं.

बाहेरच्या देशांत हे भोक संघटनेनं थोडंफार बुजवलं. अमेरिकेतही कुत्रा शिकवायला सरकारी परवाना लागत नाही. तिथं 1993 मध्ये इयान डनबार या पशुवैद्यानं ट्रेनर लोकांची संघटना काढली. 2001 मध्ये परीक्षेसाठी वेगळं मंडळ झालं. ज्यानं किमान 300 तास प्रत्यक्ष कुत्री शिकवली, त्यालाच परीक्षेला बसता येतं. यातली शहाणपणाची गोष्ट म्हणजे वर्गणी घेणारा आणि पास-नापास ठरवणारा वेगळा ठेवला. आपल्याकडं हे दोन्ही एकाच खिशात गेले, तर काय होईल हे सांगायला नको. फी भरा, प्रमाणपत्र घ्या, भिंतीला लावा.

संघटना नसल्याचा तोटा सरकारदरबारीही होतो. मार्च 2024 मध्ये केंद्रानं पिटबुल, रॉटवायलर धरून 23 जातींच्या पैदाशीवर आणि विक्रीवर बंदी घाला, असं राज्यांना कळवलं. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते परिपत्रक रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं ऐकून घेतलं नव्हतं, हा मुख्य मुद्दा. पण ऐकायचं ठरवलं तरी बोलवायचं कुणाला? जाती प्रमाणित करणारे केनेल क्लब आहेत, प्राणीमित्र संस्था आहेत. ज्या माणसाला कुत्रा कधी आणि का चावतो हे रोजच्या कामातून कळतं, त्याच्या बाजूनं बोलणारं अधिकृत कुणी नाही.

पट्टा धरणाऱ्या पोराचाही यात हिशेब आहे. खेड्यातून आलेला मुलगा श्वानगृहात राबतो, दहा घरची कुत्री हाताळतो. त्याला चावा बसला तर रेबीजच्या लशीचा खर्च कुणाचा? रेबीज झाल्यावर औषध नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी हाताळणाऱ्या पोरांना आधीच लस द्यावी, हे लेखी बांधून घेणारं कुणी नाही. संघटना उभी राहिली, तर तिचं पहिलं काम हे असायला हवं. सभासदांच्या स्नेहसंमेलनाचं नंतर बघता येईल. धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी करणं अवघड नाही. निवृत्त पोलीस हस्तक पुणे जिल्ह्यातच आहेत, परीक्षक म्हणून त्यांच्यासारखी माणसं शोधून सापडायची नाहीत.

हे होईल तेव्हा होईल. तोवर कुणी ‘महिनाभर सोडा’ म्हणालं, तर जागा आधी डोळ्यानं बघून या, न कळवता. साखळी केवढी आहे ते बघा. लसीचं कार्ड न मागता कुत्रा आत घेणाऱ्याकडं तर ठेवूच नका. त्यानं बाकीच्यांचंही मागितलेलं नसणार. पैसे टप्प्यानं द्या, पावती घ्या. आणि जमलं तर कुत्रा पाठवण्यापेक्षा शिकवणाऱ्यालाच आठवड्यातून दोनदा वस्तीवर बोलवा. डिझेलचे पैसे जास्त जातील, पण घरातली म्हातारी ‘बस’ म्हणाली तरी कुत्रा बसेल.