ऑक्सिजन सेन्सर : बदलण्यापूर्वी तपासा

लांजा, पाली, राजापूरकडे माल पोहोचविणाऱ्या आपल्या अनेक दुकानदारांच्या दारात पेट्रोलची छोटी व्हॅन उभी असते. तिच्या मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, पेट्रोल जास्त जाऊ लागले, की गॅरेजमध्ये एकच निदान ऐकू येते : "शेठ, सेन्सर गेला." मग काही हजारांचे बिल होते, आणि पुष्कळदा आठवड्याने दिवा पुन्हा लागतो. हा सेन्सर घरी बदलता येतो काय, असे व्यापारी बांधव विचारतात. येतो. परंतु बदलण्याआधी तोच बिघडला आहे याची खात्री हवी.

ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात स्पार्क प्लगसारखा आटे फिरवून बसविलेला असतो. जळून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला हे तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवितो व त्यावरून पेट्रोल कमी-जास्त सोडले जाते. तो निकामी झाला की कॉम्प्युटर अंदाजाने आणि बहुधा जास्तच पेट्रोल सोडतो. हे जादा पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तोही खराब करते. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातू असतात, त्यामुळे तेथील नुकसान सेन्सरच्या कितीतरी पट भारी पडते. सबब दिव्याकडे दुर्लक्ष करून महिनोन्‌महिने गाडी हाकणे हा तोट्याचा सौदा आहे.

मात्र दिवा लागला म्हणजे सेन्सरच गेला असे नव्हे. सेन्सरच्या अलीकडे पाइपाला भोक पडले, तर बाहेरची हवा आत शिरते आणि चांगला सेन्सरही चुकीचा हिशेब देतो. आपल्याकडे खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यामुळे पाइप गंजणे नित्याचेच. कधी वायर उंदीर कुरतडतो. म्हणून आधी स्कॅनर लावून कोड पाहावा, मग पाइप व वायर डोळ्यांनी तपासावी. साधा स्कॅनर अस्सल सेन्सरपेक्षा स्वस्त मिळतो.

खात्री झाल्यावर काम तासाभराचे आहे. इंजिन बंद करून पाइप कोमट होऊ द्यावा, तापलेल्या सायलेन्सरला हात लावू नये. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. गाडीखाली जायचे असल्यास नुसत्या जॅकवर विसंबू नये, स्टँड लावावेत. आट्यांवर गंज सोडविणारे तेल मारून थांबावे, आणि वायर जाण्यासाठी खाच असलेला बहुधा २२ मि.मी.चा पाना वापरावा. नव्या सेन्सरच्या टोकाला तेल, ग्रीस किंवा सिलिकॉन लागू देऊ नये. हातातून पडला तर आतली चिनी माती तडकते. जुना सेन्सर हलतच नसेल तर जोर करू नये. आटे गेले तर पाइपाचे काम निघते. तेथे मिस्त्रीला बोलवावे आणि त्याची मजुरी राजीखुशीने द्यावी.

आता आपल्या कारागीर बांधवांविषयी. कानाने आवाज ऐकून कार्बोरेटर लावणारे उस्ताद आपल्यात पुष्कळ आहेत. तो हुन्नर लहान नव्हे. पण १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाले, आणि त्यानंतरच्या मोटारसायकलींतही कॉम्प्युटर व हा सेन्सर आला. स्कॅनर न घेणाऱ्या गॅरेजचे गिऱ्हाईक कंपनीच्या वर्कशॉपकडे वळणारच. शिकाऊ पोरांना स्कॅनर वाचायला शिकविणे ही आज उस्तादांची जबाबदारी आहे. अंदाजाने एकामागून एक पार्ट बदलून पैसे घेणे ही कारागिरी नव्हे. आम्ही मीटरभर कापड कमी मोजून दिले तर गिऱ्हाईक जे म्हणेल, तेच येथेही लागू आहे.

गॅरेजमध्ये काम दिलेत तर कोडचा नंबर बिलावर लिहून घ्या, आणि काढलेला जुना सेन्सर मागून घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः पाना न लावता आधी कंपनीत दाखवा.